ठेका कोणाचा, छडी कोणाची

रॉक बँड, सिम्फनी वाद्यवृंद आणि गायकवृंद एकाच मंचावर आले की चर्चा सहसा दोन संगीतपरंपरांच्या मिलाफाची होते. तालमीत मात्र पहिला झगडा शैलीचा नसून लयीचा आणि आवाजाच्या पातळीचा असतो. बँडची लय ड्रमवादकाच्या हाती असते, तर वाद्यवृंद संचालकाच्या छडीकडे पाहून वाजवतो, आणि अनेक वाद्यवृंदांत छडी खाली आल्यावर क्षणभराने स्वर उमटण्याची रीत असते. त्यात अंतराची भर पडते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणून ड्रमच्या 17 मीटर मागे उभ्या असलेल्या गायकाला प्रत्येक ठोका सेकंदाच्या विसाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. तो केवळ कानांवर विसंबून गायला, तर मायक्रोफोनविना त्याचा स्वर समोरच्या श्रोत्यांपर्यंत येईतो ही तफावत दुप्पट होते.

आज यावर क्लिक ट्रॅकचा, म्हणजे संचालक आणि ड्रमवादक यांच्या कानांत ठरलेल्या गतीने वाजणाऱ्या टकटकीचा, उपाय आहे. शिवाय व्हायोलिनवर चिमुकले मायक्रोफोन बसवतात आणि ड्रमचा आवाज त्यांत शिरू नये म्हणून ड्रमभोवती पारदर्शक आडोसा उभारतात. लय त्यामुळे पक्की होते, पण थोडी ताठरही होते, हे नाकारता येत नाही.

या अडचणीला जुन्या मैफलींनी वेगळ्या वाटा शोधल्या. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 24 सप्टेंबर 1969 रोजी डीप पर्पल हा रॉक बँड आणि रॉयल फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद यांनी माल्कम अर्नोल्ड यांच्या संचालनाखाली बँडच्याच जॉन लॉर्ड यांची कॉन्चेर्तो सादर केली. तिच्या पहिल्या भागात दोन्ही पक्ष बव्हंशी आळीपाळीने, प्रतिस्पर्ध्यांसारखे वाजतात. ही युक्ती प्रामाणिक खरी, पण तिने मूळ अडचण सुटत नाही, पुढे ढकलली जाते.

कॅनडातील एडमंटन येथे 18 नोव्हेंबर 1971 रोजी झालेला प्रोकोल हॅरम हा बँड, एडमंटन सिम्फनी हा वाद्यवृंद आणि दा कामेरा सिंगर्स हा गायकवृंद यांचा कार्यक्रम या दृष्टीने अधिक अभ्यसनीय ठरतो. वाद्यवृंदासाठीचे लेखन बँडचे गायक-पियानोवादक गॅरी ब्रूकर यांनीच केले होते, आणि गाण्यांत कोठे जागा मोकळी आहे हे त्यांना ठाऊक होते. ‘काँकिस्टाडोर’मध्ये ट्रम्पेटांचे स्पॅनिश वळणाचे तुकडे गाण्यावर लिंपलेले वाटत नाहीत, ते गाण्यालाच पुढे रेटतात, तर सुमारे 19 मिनिटांच्या ‘इन हेल्ड ट्वॉज इन आय’ या अनेक खंडांच्या रचनेत गायकवृंदाचे वजन अखेरच्या खंडासाठी राखून ठेवले आहे, त्यामुळे तो केवळ भरणा ठरत नाही. अशा मैफलींपैकी बहुतेक ठिकाणी वाद्यवृंद बँडच्या स्वरसंगतीच दुप्पट जाड करतो, आणि तेवढ्यासाठी इतके वादक बसवणे हा अपव्यय होय.

‘काँकिस्टाडोर’ हे मूळचे 1967 च्या अल्बममधील गाणे. एडमंटनचे ध्वनिमुद्रण 1972 मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ते अमेरिकेच्या लोकप्रियता-यादीत सोळाव्या क्रमांकापर्यंत गेले.