पिल्लू पाण्याचं की जमिनीचं?

हैदराबादमधल्या अफझलगंजच्या नयापुलावरून मुसी नदीचं पाणी पाहिलं की त्यात काही जगत असेल असं वाटत नाही. पण मऊ पाठीचं आपलं देशी कासव गढूळ डबक्यांत, नाल्यांतही तग धरतं. पाणी आटलं की चिखलात स्वतःला गाडून घेतं आणि पावसाळ्यात बाहेर पडतं. त्या दिवसांत रस्त्याकडेला चार-पाच सेंटिमीटरचं पिल्लू दिसलं, की पुण्य समजून ते उचलून नदीत टाकणारे पुष्कळ. हे पुण्य पिल्लाच्या जिवावर बेतू शकतं.

आधी पाय पाहावेत. हत्तीच्या पायांसारखे खांबाळ, पडदा नसलेले पाय म्हणजे जमिनीवरचं कासव. त्याच्या घुमटाकार काळसर पाठीवर पिवळ्या रेषा असतील तर ते तारांकित कासव. पिल्लाच्या पाठीवर त्या रेषा कमी असतात, एवढ्यावरून फसू नये. त्याला पोहता येत नाही, खोल पाण्यात ते बुडतं. लक्ष्मी येते म्हणून ते घरात ठेवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, की वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे.

बोटांत पडदा असेल तर ते पाण्यातलं. पाठ कातडीसारखी, नाक नळीसारखं पुढे आलेलं आणि पोटाकडे मागचे पाय झाकणाऱ्या दोन झडपा, हे मऊ पाठीचं कासव. पाठ टणक, काळपट आणि तिच्यावर तीन उभे कंगोरे, हे काळं कासव. ही पिल्लं अंड्यातून निघाल्यापासून स्वतंत्रच असतात. आई शोधत बसू नये. धडधाकट असतील तर रस्त्यावरून उचलून ज्या दिशेला चालली होती तिकडच्या कडेला, जमिनीवरच ठेवावीत.

हिरवीगार पाठ आणि डोळ्यामागे लाल पट्टा दिसला, तर मात्र ते इथलं नव्हेच. मिसिसिपीच्या खोऱ्यातलं हे स्लायडर कासव मत्स्यालयांच्या दुकानांतून येतं, वाढलं की कंटाळलेला मालक ते तलावात सोडतो आणि ते देशी कासवांच्या अन्नात, उन्हाच्या जागेत वाटेकरी होतं. त्यामुळे दया दाखवून हुसेनसागर तलावात नेऊन टाकू नये. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली ती मुलांना त्यांच्यापासून होणाऱ्या साल्मोनेला संसर्गामुळे. तेव्हा कुठलंही पिल्लू हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

जखमी पिल्लू हवेशीर खोक्यात, ओलसर फडक्यावर ठेवावं. दूध, भात काही भरवू नये. सापडल्याची जागा लिहून वन विभागाला कळवावं.