सांडपाण्याला हवा प्राणवायू

गावात नळ आले की डोक्यावरचा हंडा उतरतो. पण त्याबरोबर एक नवा प्रश्नही दारात येतो. विहिरीचे पाणी शेंदून आणावे लागे, म्हणून ते जपून वापरले जाई. नळाचे पाणी सढळ हाताने वापरले जाते आणि मोरीतून बाहेर पडते. 2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यांसाठी दर माणशी रोज 55 लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यातील सुमारे 80 टक्के पाण्याचे सांडपाणी होते, असे अभियंते धरतात. म्हणजे हजार वस्तीच्या गावातून रोज 44,000 लिटर! हे पाणी जाते कोठे?

उतार नसेल तर ते गल्लीतच साचते, काळे पडते आणि त्याला दुर्गंधी सुटते. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात अंडी घालतो. विदर्भातील काही जिल्ह्यांत हा रोग चांगलाच परिचयाचा आहे.

पाणी काळे का पडते? त्यात खरकटे, तेल, साबण, मळ असे सेंद्रिय पदार्थ असतात. ते बॅक्टेरियांचे अन्न. ते पचवताना त्यांना प्राणवायू लागतो. घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरला पहिल्या तीन दिवसांतच साधारणपणे 250 मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. पण 30 अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर पाण्यात हवेतला प्राणवायू विरघळतो तो फक्त साडेसात मिलिग्रॅम. आता आपल्या गावाचा हिशेब मांडा. रोजच्या सांडपाण्याची गरज 11 किलोग्रॅम आणि पाण्यातला साठा अवघा 330 ग्रॅम! साठा संपला की प्राणवायूवाचून जगणारे बॅक्टेरिया कामाला लागतात. त्यांच्यापासून कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. पाण्यातील लोहाशी त्याचा संयोग होऊन काळा गाळ बनतो.

तेव्हा सांडपाणी शुद्ध करणे म्हणजे मुख्यतः प्राणवायूची ही तूट भरून काढणे. शहरांत त्यासाठी यंत्रांनी पाण्यात हवा खेळवतात. लहान गावाला ते वीजबिल झेपत नाही. मग उपाय काय?

पहिला उपाय घराजवळचा शोषखड्डा. दगड-विटांचे तुकडे भरलेल्या या खड्ड्यातून पाणी हळूहळू मुरते. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते. तेथील बॅक्टेरिया घाण फस्त करतात. पण काळ्या चिकण जमिनीत पाणी नीट मुरत नाही आणि भेगाळ खडकातून ते न गाळता थेट विहिरीत उतरू शकते. म्हणून जमीन पाहूनच, विहिरीपासून दूर, खड्डा घ्यावा.

दुसरा उपाय गावाबाहेरचे स्थिरीकरण तळे. याची खोली मीटर-दीड मीटर ठेवतात, म्हणजे ऊन पाण्यात शिरते. पाण्यात सूक्ष्म शैवल वाढते. प्रकाशसंश्लेषण करताना ते प्राणवायू सोडते. तो बॅक्टेरिया घेतात. बॅक्टेरियांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शैवल घेते. अशी ही देवघेव दिवसभर चालते. आपल्या गावाचे सांडपाणी 15 दिवस राहू द्यायचे तर सव्वा मीटर खोलीचे, सव्वापाच गुंठ्यांचे तळे लागेल. काठचे गवत मात्र वरचेवर काढले पाहिजे, नाहीतर तेथेही डास होतील.

प्राणवायूची ही भूक शाळेच्या प्रयोगशाळेतही पाहता येते. शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून, एका पारदर्शक बाटलीत गटाराचे आणि दुसरीत विहिरीचे पाणी काठोकाठ भरा. दोन्हींत मिथिलीन ब्लूच्या सौम्य द्रावणाचे चार-पाच थेंब टाका. आत हवेचा बुडबुडा राहू न देता बूच लावा आणि बाटल्या अंधारात ठेवा. हात साबणाने धुवा. प्राणवायू संपला की निळा रंग नाहीसा होतो. रोज ठरावीक वेळी पाहून नोंद करा. जिचा रंग आधी उडेल, त्या पाण्याची भूक मोठी. आणि बाटल्या उजेडात का ठेवायच्या नाहीत, याचे उत्तर तुम्हीच शोधा. ते वरच्या तळ्यात दडलेले आहे.