थंड नळीचे गाणे

काच फुंकणाऱ्या कारागिरांना एक गंमत फार पूर्वीपासून ठाऊक होती. थंड नळीच्या टोकाला तापलेला काचेचा फुगा असला, की कधी कधी नळी आपोआप वाजू लागते. सोंडहाउस यांनी १८५० साली या आवाजाचा अभ्यास केला.

हेच गाणे अतिथंड नळीतही उमटते. द्रवरूप हेलियम ४.२ केल्व्हिनला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसला उकळते. वरून बंद केलेली बारीक नळी त्यात उतरवली, तर तिचे वरचे टोक मात्र ३०० केल्व्हिनच्या आसपासच राहते. मग नळीतला वायू जोराने वरखाली हलू लागतो. टाकोनिस यांनी १९४९ साली याचे कारण सुचवले.

समजा, वायूचा थोडा भाग वर सरकला. बंद टोकाकडचा वायू दाबला जातो, आणि त्याच वेळी गरम भिंतीकडून उष्णताही घेतो. दाब आणखी वाढतो व वायू खाली ढकलला जातो. खाली थंड भिंत त्याची उष्णता काढून घेते, दाब उतरतो आणि वायू पुन्हा वर ओढला जातो. झोक्याला नेमक्या क्षणी धक्का दिला की तो उंच जातो, तसेच हे आहे.

यात बिघडले कुठे? प्रत्येक फेरीत वरची उष्णता खाली पोचते. एक किलोग्रॅम हेलियमची वाफ करायला पाण्याच्या मानाने सुमारे शंभरावा हिस्सा उष्णता पुरते. केवळ १ वॅट उष्णतेने तासाभरात जवळजवळ १.४ लिटर द्रव उडून जातो!

अवकाशात टाकी पुन्हा भरायची सोय नसते. १९८३ साली सोडलेल्या ‘आयरास’ या अवरक्त दुर्बिणीचे हेलियम दहा महिन्यांत संपले आणि तिचे निरीक्षणही थांबले. ‘स्पिट्झर’ला ते २००३ पासून मे २००९ पर्यंत पुरले. म्हणजे हेलियम हेच अशा दुर्बिणीचे आयुष्य. म्हणून टाकीच्या नळ्या आखतानाच कंपनांचा विचार करावा लागतो.

उपाय साधे आहेत. नळीत गाठी मारलेला दोरा सोडतात, तोंड अरुंद करतात किंवा गरम टोकाला रिकामे भांडे जोडतात.

प्रयोगशाळेत मात्र हाच दोष कामाला येतो. नळीच्या वरच्या तोंडावर रबराचा पडदा ताणून ती हळूहळू खाली सोडतात. खालचे टोक द्रवाला टेकले की पडद्याची थरथर बदलते आणि द्रवाची पातळी कळते.

दोऱ्याने कंपन का थांबत असेल? हा प्रश्न आपण वर्गात विचारून पाहू या.