फिश टँकमधलं नेचं तलावात टाकू नका!
साल्व्हिनिया मोलेस्टा हे मूळ ब्राझीलचं, पाण्यावर तरंगणारं नेचं. पान डोळ्यांजवळ धरा: वर केसांचे दाट झुबके, टोकं एकमेकांना जुळलेली, म्हणून पान भिजतच नाही. खाली मुळांसारखं लोंबतं तेही पानच! बीजाणू वांझ, पण तुटलेल्या तुकड्यातून नवं रोप उभं राहतं. पोषक पाण्यात काही दिवसांत दुप्पट होतं. खालचा प्रकाश अडतो, प्राणवायू घटतो. केरळात याने कालवे, भातशेती व्यापली होती. १९८०च्या दशकात त्याच्याच मूळ मुलखातल्या सोंडकिड्याने ते आटोक्यात आणलं.

नवी मुंबईत खाडीच्या खाऱ्या पाण्यात या नेच्याचा निभाव लागत नाही. धोका गावठाणांतल्या गोड्या तलावांना. नको असलेलं नेचं उन्हात पूर्ण वाळवा, मगच ओल्या कचऱ्यात टाका.