जुन्या मिचेल रिळाचे सुटे भाग

मिचेल ३०० हे गळाच्या दांडीला लावायचे रीळ फ्रान्समधल्या क्लूझ या गावी, कार्पानो ए पों या कारखान्यात तयार होत असे. घड्याळांच्या कारागिरीसाठी नावाजलेल्या या गावाची सफाई रिळाच्या दात्यादात्यात उतरली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ते युरोप-अमेरिकेत प्रचंड खपले. म्हणूनच त्याचे नवे भाग बनणे थांबले असले तरी जुने भाग अजून हाती लागतात. खपच बेताचा असलेल्या, एखाद्या अनोळखी कंपनीच्या रिळाला ही सोय नसते.

भाग शोधण्याआधी रीळ नेमके कोणते, हे ठरवावे लागते. ३०० अनेक दशके बनत राहिले आणि त्या काळात त्याचे झाकण, दोरा स्पूलवर वळवणारी कमान आणि स्पूल मागेपुढे सरकवणारी यंत्रणा बदलत गेली. ‘मिचेल ३००’ एवढ्याच नावावर मागवलेला गिअर अनेकदा बसत नाही. दांडीला बसणाऱ्या पायावर ठोकलेला अनुक्रमांक आणि झाकण उघडून काढलेला आतला फोटो, या दोन गोष्टींवरून नमुना ओळखता येतो. अमेरिकेत हेच रीळ गार्सिया कंपनी विकत असल्याने तिथल्या रिळांवर ‘गार्सिया मिचेल’ असते. शोधताना दोन्ही नावे वापरावीत. ३०० चे हँडल डाव्या हाताने फिरते, ३०१ चे उजव्या. हँडल गिअरमध्ये आट्यांनी बसते आणि दोरा गुंडाळताना ते आवळत जावे अशा दिशेने आटे पाडलेले असतात. त्यामुळे एकाचे हँडल दुसऱ्याला चालत नाही.

अमेरिकेच्या पेन कंपनीने हा घोळ क्रमांकांनीच सोडवला. ३५-७०४ या क्रमांकातला ३५ कमानीची स्प्रिंग सांगतो आणि ७०४ रिळाचा नमुना. अशी पद्धत सगळ्यांनी उचलायला हवी होती.

सर्वांत आधी दगा देते ती हीच कमानीची स्प्रिंग. प्रत्येक फेकीला कमान उघडते, मिटते आणि तारेचा बाक त्याच जागी ताणला जातो. बहुधा वेटोळे शाबूत राहते आणि टोकाचा वळवलेला पाय मुळाशी तुटतो. तुटलेले दोन्ही तुकडे जपून ठेवावेत. तारेची जाडी, वेढ्यांची संख्या, दोन्ही पायांची लांबी आणि वेढ्यांची दिशा त्यांवरूनच कळते. एवढे मोजमाप दिले की स्प्रिंगवाला पोलादी तारेची नवी स्प्रिंग वळून देऊ शकतो.

बेअरिंगसाठी मूळ कंपनीकडे जाण्याचे सहसा कारण नसते. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी ही तीन मापे घेतली की बेअरिंगचा क्रमांक ठरतो. ८, २२ आणि ७ मिलिमीटर म्हणजे ६०८. हे कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते, मात्र खाऱ्या पाण्यासाठी स्टेनलेस मागावे. मासा जोर लावतो तेव्हा दोरा हळूहळू सोडणाऱ्या ड्रॅगच्या फेल्ट किंवा चामड्याच्या चकत्या जाडी जुळवून घरीही कापता येतात. मिचेलचे स्क्रू फ्रेंच असल्याने मिलिमीटरच्या मापाचे असतात. इंची स्क्रू जोराने पिळला तर अॅल्युमिनियममधले आटे कायमचे जातात.

गिअरच्या बाबतीत तडजोड करू नये. मोठा गिअर आणि त्याने फिरणारा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, वर्षानुवर्षे एकमेकांवर घासून जुळलेले असतात. त्यांतला एकच बदलला तर रीळ खरखरते आणि नवे दातेही लवकर झिजतात. शक्य तो दोन्ही एकाच रिळातून काढलेले घ्यावेत, त्यांच्याखालच्या पातळ चकत्यांसह. या चकत्या दात्यांमधली फट राखतात आणि जुने रीळ खोलताना त्याच हटकून हरवतात.

त्यासाठी बंद पडलेले अख्खे रीळ घेणे बहुधा सुट्या गिअरपेक्षा फायद्याचे पडते. हँडल अडखळत असेल, पण कमान, स्पूल आणि झाकण धड असेल, तरी त्यातून बरेच निघते. खाऱ्या पाण्यात वापरलेल्या रिळात पोलादी स्क्रू अॅल्युमिनियमला गंजून चिकटलेले असतात. अशा स्क्रूवर झिरपणारे तेल सोडून रात्रभर ठेवावे, मगच पेचकस लावावा. दांडीला बसणारा पाय मुळातून तुटला असेल, तर ते रीळ दुरुस्त करण्यापेक्षा भागांसाठी खोलून ठेवणेच बरे. तो पाय अंगासकट एकसंध ओतलेला असतो आणि डकवलेला जोड माशाच्या ओढीला टिकत नाही.