शालेय तंत्रसाधनांचे नियोजन : सहाव्या वर्षाचा प्रश्न

शाळेत नवे यंत्र आणणे आणि त्या यंत्राच्या उपयोगाचे नियोजन करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट एका दिवसात उरकते. दुसरी त्या दिवसापासून सुरू होते. व्यवहारात मात्र पहिलीलाच नियोजन म्हणण्याचा प्रघात पडला आहे. किती शाळांना किती संगणक पुरविले, किती वर्गांत प्रक्षेपक बसविले, याचे आकडे अहवालांत सहज सापडतात. त्यांपैकी किती साधने पाच वर्षांनंतर चालू होती व ती कोणत्या पाठासाठी वापरली गेली, हे आकडे क्वचितच आढळतात. शालेय तंत्रसाधनांच्या यशापयशाचा निर्णय बहुधा या दुसऱ्या प्रकारच्या आकड्यांवर अवलंबून असतो. म्हणून नियोजनाचा आरंभ खरेदीच्या यादीपासून न करता आवर्ती खर्च, शिक्षकाचा वेळ आणि उत्तरदायित्व या तीन बाबींपासून केला पाहिजे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

भारतापुरते पाहिल्यास या विषयाचा इतिहास अर्धशतकाहून अधिक काळाचा आहे. 1972 मध्ये केंद्र शासनाने शैक्षणिक तंत्रविज्ञानाची योजना सुरू केली. त्यानंतरचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी-शिक्षणाचा 'साइट' हा उपक्रम होय. अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने दिलेल्या एटीएस-6 या उपग्रहाच्या साहाय्याने 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या एका वर्षात सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांपर्यंत कार्यक्रम पोहोचविण्यात आले. सकाळचा दीड तास शाळकरी मुलांसाठी राखून ठेवला होता. याच काळात दोन सत्रांत मिळून सुमारे 50 हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाच्या अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यात दूरचित्रवाणीबरोबर नभोवाणी, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष प्रयोग यांचाही समावेश होता.

नियोजनाच्या दृष्टीने या उपक्रमातील दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली ही की, संच बसविणे आणि तो चालू ठेवणे ही दोन स्वतंत्र कामे मानली गेली होती. दुरुस्तीसाठी क्षेत्रनिहाय केंद्रे, तंत्रज्ञ आणि सुटे भाग यांची व्यवस्था आरंभापासूनच होती. खेड्यांची निवडही समूहासमूहाने केल्यामुळे ही व्यवस्था शक्य झाली. दुसरी गोष्ट ही की, उपग्रह एका वर्षानंतर परत जाणार हे सर्वांना ठाऊक होते. तो गेल्यावर प्रक्षेपण थांबले. 1977 पासून भूमीवरील प्रक्षेपण केंद्रांच्या द्वारे त्यांतील काही खेड्यांना पुन्हा कार्यक्रम मिळू लागले. पण बहुसंख्य खेडी या कक्षेबाहेरच राहिली. तात्पर्य, प्रयोगाच्या काळापुरते व्यवस्थापन उत्तम होते. प्रयोगानंतरच्या काळाची तरतूद अपुरी होती. या दोहोंतील भेद शालेय तंत्रसाधनांच्या पुढील सर्व योजनांत पुनःपुन्हा दिसतो.

1984 मध्ये शाळांतील संगणक-साक्षरतेसाठी 'क्लास' हा प्रकल्प सुरू झाला. आरंभी सुमारे 250 माध्यमिक शाळा निवडण्यात आल्या आणि त्यांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटनमध्ये तयार झालेले संगणक देण्यात आले. ब्रिटनमध्ये या यंत्रामागे एका दूरचित्रवाणी मालिकेचे, पुस्तकांचे आणि इंग्रजी भाषेतील आज्ञावलींचे पाठबळ होते. येथे यंत्र आले. त्याच्यामागचे ते पाठबळ त्याच प्रमाणात आले नाही. मराठी, कन्नड वा ओडिया माध्यमाच्या वर्गात कोणता पाठ या यंत्राने अधिक सुबोध होईल, हा प्रश्न यंत्र शाळेत पोहोचल्यानंतर विचारला गेला. वस्तुतः तो आधी विचारावयास हवा होता.

पुढे डिसेंबर 2004 मध्ये पूर्वीच्या योजना एकत्र करून शाळांतील माहिती व संप्रेषण तंत्रविज्ञानाची नवी केंद्रीय योजना आखण्यात आली आणि 2018 मध्ये ती समग्र शिक्षा या योजनेत समाविष्ट झाली. समग्र शिक्षेच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक शाळेसाठी कमाल 6.40 लाख रुपये अनावर्ती आणि प्रतिवर्षी कमाल 2.40 लाख रुपये आवर्ती अनुदान पाच वर्षांसाठी ठरविले होते. येथील गणित बोधप्रद आहे. पाच वर्षांचा आवर्ती खर्च 12 लाख होतो. एकूण 18.40 लाखांत त्याचे प्रमाण सुमारे 65 टक्के पडते. म्हणजे शासनाच्याच हिशोबाप्रमाणे यंत्रांची किंमत एकूण खर्चाच्या सुमारे एक तृतीयांश आहे. उरलेले दोन भाग यंत्रे जिवंत ठेवण्याचे आहेत. आवर्ती खर्च मान्य करणे हे या योजनेतील मोठेच पाऊल होय. परंतु पाच वर्षे संपल्यावर काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. सहाव्या वर्षी वीजदेयक येतेच, विद्युत्घट निकामी होतातच, आणि नेमक्या याच सुमारास संगणकही जुने झालेले असतात. खर्च वाढण्याचा आणि अनुदान थांबण्याचा क्षण एकच असतो.

हा प्रश्न केवळ शाळांपुरता नाही. 1984 मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' ही मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम निर्माण करणारी संस्था स्थापन झाली. दूरदर्शनवरील तिचे कार्यक्रम पाहत महाराष्ट्रातील मुलांची एक पिढी वाढली. 2017 मध्ये ही संस्था बंद झाली. तिच्या अखेरच्या वर्षांत आवर्ती खर्चाची, विशेषतः वेतनाची, तरतूद हाच प्रमुख प्रश्न होता. साधन निर्माण करणारी संस्था आणि साधन वापरणारी शाळा या दोघींचे भवितव्य एकाच प्रश्नाशी बांधलेले असते, हे यावरून दिसून येते.

यावर असा आक्षेप संभवतो की, पैसा पुरेसा असेल तर हे प्रश्न उरणार नाहीत. या आक्षेपाचे उत्तर पेरू देशातील अनुभवात मिळते. तेथे 2008 पासून प्रत्येक मुलास एक लहान संगणक देण्याचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबविला गेला. आंतर-अमेरिकी विकास बँकेने 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 319 ग्रामीण प्राथमिक शाळांची तुलना होती. ज्या शाळांना संगणक मिळाले तेथे दर विद्यार्थ्यामागील संगणकांचे प्रमाण 0.12 वरून 1.18 पर्यंत वाढले. तथापि गणित व भाषा या विषयांतील गुणांत फरक आढळला नाही. सामान्य बौद्धिक कौशल्याच्या काही कसोट्यांत थोडी प्रगती दिसली, हेही नमूद केले पाहिजे. निष्कर्ष असा की, यंत्रांची संख्या वाढली म्हणजे अध्यापन आपोआप बदलत नाही. यंत्र कोणत्या पाठात, कोणत्या क्षणी आणि कोणत्या हेतूने वापरावयाचे, हे ठरविणारा शिक्षकच असतो. त्यासाठी त्याला प्रशिक्षण आणि वेळ दोन्ही लागतात.

वेळेचा हिशोब तर अगदी प्राथमिक अंकगणिताचा आहे, पण तो क्वचितच मांडला जातो. उदाहरणार्थ, आठवी ते दहावी या इयत्तांच्या प्रत्येकी दोन तुकड्या, प्रत्येक तुकडीत 60 विद्यार्थी आणि एका कक्षात 10 संगणक असलेली शाळा कल्पावी. एका संगणकावर तिघे बसले तरी एका तासिकेत 30 विद्यार्थीच कक्षात मावतात. म्हणून प्रत्येक तुकडीचे दोन गट पाडावे लागतात. प्रत्येक गटास आठवड्यातून दोन तासिका द्यावयाच्या झाल्यास 24 तासिका लागतील. आठवड्याच्या 48 तासिकांपैकी निम्म्या तासिका कक्ष भरलेला राहील, आणि त्या काळात उर्वरित अर्ध्या तुकडीस दुसऱ्या शिक्षकाने सांभाळावे लागेल. एवढे करूनही 35 मिनिटांच्या तासिकेत प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती संगणक सुमारे 12 मिनिटेच येईल. 35 आठवड्यांच्या वर्षात हा काळ साडेतेरा तासांच्या आसपास भरतो. वीज खंडित होणे, परीक्षा, निवडणुकीची कामे यांची वजाबाकी अद्याप केलेलीच नाही. या साडेतेरा तासांत काय साधावयाचे, हे आधी निश्चित न केल्यास ते तास चित्रे रंगविण्यात आणि खेळात सरतात. ते निश्चित केल्यास मात्र तेवढ्यातही भूमितीतील रचना, नकाशावाचन वा प्रयोगाच्या निरीक्षणांचे आलेख असे मोजके घटक चांगले शिकविता येतात. साधन अपुरे असेल तेव्हा निवडीचे महत्त्व वाढते.

तिसरी बाब उत्तरदायित्वाची. आलेले यंत्र प्रथम जडसंग्रह नोंदवहीत चढते. बाके, कपाटे आणि नकाशे यांच्याच पंक्तीत संगणकाची नोंद होते. जडसंग्रहातील वस्तू हरवली वा मोडली तर मुख्याध्यापकास जाब द्यावा लागतो; ती वापरली गेली नाही तर सहसा कोणी विचारीत नाही. अशा स्थितीत कक्षाला कुलूप लावणे हा मुख्याध्यापकाचा आळस नसून नियमांनी त्याला शिकविलेला शहाणपणा आहे. यावर उपाय नियमांतच शोधला पाहिजे. साधनाच्या नोंदीबरोबर वापराची नोंद सक्तीची असावी. विद्यार्थ्यांच्या वापरात झालेली झीज व मोडतोड ही शिक्षकाची चूक न मानता अपेक्षित खर्च मानावी. जुन्या साधनांचे निर्लेखन सुलभ असावे, म्हणजे निरुपयोगी यंत्रांनी कक्ष अडून राहणार नाही. तसेच दुरुस्तीसाठी कोणाकडे जावयाचे आणि किती दिवसांत ती झाली पाहिजे, हे शाळेला आरंभीच लेखी कळलेले असावे.

या तीन बाबी एकत्र घेतल्या म्हणजे शालेय नियोजनाचा क्रम आपोआप स्पष्ट होतो. प्रथम अध्यापनातील अडचण निश्चित करावी. नंतर ती दूर करण्यास यंत्राची खरोखर आवश्यकता आहे काय, हे तपासावे. आवश्यकता असल्यास शिक्षक, वेळापत्रक आणि दुरुस्ती यांची व्यवस्था करावी, आणि खरेदी शेवटी करावी. सर्व साधने एकाच वर्षी घेण्याऐवजी दरवर्षी एक पंचमांश घेतल्यास खर्च समान विभागला जातो, शिक्षकांस अनुभवातून शिकण्यास अवसर मिळतो, आणि सर्व यंत्रे एकाच वेळी निकामी होण्याचा प्रसंग येत नाही. अनुदान एकरकमी मिळते आणि ते वर्षअखेरीस खर्ची घालावे लागते, ही या मार्गातील मोठी अडचण आहे. परंतु ती वित्तीय नियमांची अडचण आहे, शिक्षणाची नव्हे.

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना येथे संशोधनाचे विस्तृत क्षेत्र उपलब्ध आहे. एका तालुक्यातील शाळांत पाच वर्षांपूर्वी आलेल्या साधनांची आजची स्थिती, त्यांच्या बंद पडण्याची कारणे, दुरुस्तीस लागलेला काळ आणि वापराच्या तासिका यांची साधी नोंद केली तरी नियोजनास उपयुक्त अशी सामग्री हाती येईल. अशा अभ्यासासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. शाळेत जाऊन नोंदवही उघडण्याची आणि कुलूपबंद कक्षाचे दार उघडवून घेण्याची चिकाटी मात्र लागते. साधन आले त्या दिवसाची छायाचित्रे पुष्कळ निघतात. सहाव्या वर्षी त्या साधनाचे काय झाले, हे ज्या योजनेला सांगता येईल, तिलाच नियोजन हे नाव शोभेल.