फटफटीचा नवा कॅम व इंजिनाची जुळवणी

टिटवाळ्याहून गोवेलीच्या वाटेनें कल्याण-मुरबाड रस्त्यास लागलें कीं सुटीच्या दिवशीं माळशेज घाटाकडे निघालेल्या बुलेट फटफट्यांचा आवाज कानीं पडूं लागतो. त्यांत एखादी अशी असते कीं उभ्या जागीं ती अडखळत चालते, आणि वेग घेतला कीं मात्र गर्जूं लागते. "हिला दुसरा कॅम बसविला आहे," असें जाणतीं मुलें लगेच सांगतात. हा कॅम म्हणजे काय, आणि तो बदलल्यावर सबंध इंजिनाची जुळवणी फिरून कां करावी लागते, हें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे. कॅम बसविणें हें फार तर एका दिवसाचें काम. पण पुढची जुळवणी राहिली तर इंजिनच गमवावें लागतें.

बुलेटची जुळणी आपल्या देशांत १९५५ सालीं मद्रास येथें सुरू झाली. तिच्या जुन्या ३४६ घन सेंटिमीटरच्या इंजिनांत सिलिंडर एक व झडपा दोन. एक झडप हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत घेते, दुसरी जळलेला धूर बाहेर सोडते. उजव्या अंगाच्या झांकणाखालीं या दोन झडपांसाठीं दोन दंतचक्रें असून प्रत्येकास एक उंचवटा आहे; तोच कॅम. इंजिनाचा मुख्य दांडा दोनदां फिरतो तेव्हां कॅम एकदां फिरतो. उंचवटा टॅपेटखालीं आला कीं दांडी वर ढकलली जाते व झडप उघडते. ती केव्हां उघडावी, किती उघडावी व केव्हां मिटावी, हें सर्व त्या उंचवट्याच्या आकारानें ठरतें.

मिश्रण आंत ओढून घेण्यासाठीं पिस्टन खालीं येतो. पण तो तळ गांठून वर निघाला तरी आंतली झडप कांहीं काळ उघडीच राहते. असें कां? अंगारकीच्या दिवशीं टिटवाळ्याच्या महागणपतीच्या देवळाशीं लोटलेली गर्दी डोळ्यांपुढें आणा. रांग वेगानें आंत येत असतां दरवाजा थोडा उशिरां लावला तर मागच्यांच्या रेट्यानें आणखी कित्येक माणसें आंत येतील. पण एखाद्या आडवारीं, जेव्हां तुरळक माणसें येतात, तोच दरवाजा तितकाच वेळ उघडा ठेवला तर आंत आलेलींच परत बाहेर पडतील. मिश्रणाचें असेंच आहे. मिनिटास ५००० फेरे होत असतां एका फेऱ्यास अवघे १२ सहस्रांश सेकंद मिळतात. नळींतून धांवत येणाऱ्या मिश्रणास रेटा असतो, म्हणून उशिरां मिटणारी झडप फायद्याची. १००० फेऱ्यांवर तो रेटा नसतो, आणि पिस्टन आंत आलेलें मिश्रण परत ढकलून देतो. शर्यतीचा कॅम झडप अधिक वर उचलतो व अधिक काळ उघडी ठेवतो. म्हणजे वरच्या वेगांतील जोर तो खालच्या वेगांतून उसना घेतो. ही देवघेव ज्यास कळली त्यास पुढचें सर्व सोपें आहे.

कॅम बसवितांना दंतचक्रांवरील खुणा एकमेकींशीं जुळवाव्या, आणि मग किक न मारतां इंजिन हातानें सावकाश दोन पुरे फेरे फिरवावें. झडप आतां अधिक खालीं उतरते. ती पिस्टनवर आदळली तर झडप वांकते व पिस्टनचा माथा फुटतो. म्हणून पिस्टनच्या माथ्यावर प्लॅस्टिसिनचा पातळ थर देऊन इंजिन फिरवावें, हेड काढावें, आणि झडपेचा ठसा जेथें सर्वांत खोल उमटला तेथील थराची जाडी मोजावी. आंतल्या झडपेस निदान दीड व बाहेरच्या झडपेस दोन मिलिमीटर जागा असावी असा कारागिरांचा संकेत आहे. (या कामीं मूर्तीची शाडू वापरूं नये, तिची पूड सिलिंडर खरवडते.) झडपेच्या स्प्रिंगचे वेढे पूर्ण दबल्यावर एकमेकांस टेकत नाहींत ना, हेंही याच वेळीं पाहावें. जुन्या बुलेटचीं टॅपेटें इंजिन थंड असतां लावावयाचीं. दांडी बोटांनीं सहज फिरावी, पण वरखालीं मुळींच हलूं नये. नव्या कॅमसोबत निराळें माप आलें असेल तर तेंच प्रमाण.

आतां कार्बोरेटर. वरच्या वेगांत इंजिन अधिक हवा घेऊं लागलें, म्हणजे पेट्रोलही अधिक हवें. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनानें सुमारे १४.७ भाग हवा लागते. पूर्ण जोरासाठीं मिश्रण याहून थोडें दाट असावें. शिवाय आजच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. त्यास जळण्यास हवा कमी लागते, म्हणून जेट जुनेंच ठेवलें तर मिश्रण आणखी विरळ पडतें, आणि विरळ मिश्रणानें इंजिन तापून पिस्टन जाम होतो. प्रथम मोठें मेन जेट घालून मोकळ्या जागीं मूठ पूर्ण पिळून इंजिन चालवावें, तसेंच बंद करावें आणि प्लग काढून पाहावा. तपकिरी रंग चांगला. पांढरा पडल्यास मिश्रण विरळ, काजळी धरल्यास दाट. मूठ पाव ते पाऊण फिरलेली असतां सुईची खांच बदलावी. मूठ जवळजवळ मिटलेली असतां पायलट जेट व हवेचा स्क्रू यांचें काम. एका वेळीं एकच फेरबदल करावा व तो वहींत टिपावा. हें न पाळल्यामुळें आठवडाभर घोटाळणारे मिस्त्री पुष्कळ आहेत.

ठिणगीची वेळही बदलते. मंद चालीवर सिलिंडरांत जुना धूर अधिक उरतो व मिश्रण सावकाश जळतें, म्हणून ठिणगी थोडी आधीं हवी. वरच्या वेगांत सिलिंडर नीट भरतो, जळणें त्वरेनें होतें. तेथें ती फार आधीं पडली तर चढावर खडखड ठोके ऐकूं येतात. ते ऐकूं येतांच मूठ सोडावी.

मूळ प्रश्न मात्र निराळाच आहे. बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० व पिस्टनची धांव ९० मिलिमीटर. धांव लांब, म्हणून इंजिन स्वभावानेंच संथ. जुन्या इंजिनांत कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकास रोलर बेअरिंग नसून साधें तरंगतें बुश असे. फेरे ५५०० वरून ६६०० वर नेले, म्हणजे पंचमांशानें वाढविले, तर रॉडवरचा ताण ४४ टक्क्यांनीं वाढतो. आमच्या मतें कल्याणच्या गर्दींत व टिटवाळ्याच्या अरुंद रस्त्यांत रोज हिंडणाऱ्या गाडीस मूळ कॅमच शोभतो. तेथें खालचाच जोर कामास येतो.

पालकांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून गिअरच्या फटफटीचा परवाना मिळत नाहीं, आणि १८ वर्षांखालील मुलानें गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यांत आलेल्या कलम १९९-अ प्रमाणें पालकांस २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत-सहा नियमांच्या गाड्यांत पेट्रोलचें माप संगणक ठरवितो. तेथें जेट नसतें, संगणकांतील कोष्टकच बदलावें लागतें, आणि धुराची मूळ मान्यता बिघडते. असे प्रयोग बंदिस्त शर्यतमार्गासाठींच ठेवावे. काढलेले मूळ कॅम तेलाच्या फडक्यांत गुंडाळून, आंतला कोणता व बाहेरचा कोणता अशी चिठ्ठी बांधून जपावे. परत बसविण्याची वेळ बहुधा येतेच.